बिनपक्षाची म्हैस

नवा माणूस भेटला की आपण नाव विचारतो, गाव विचारतो, फारच झालं तर पगार विचारतो. आमचे दौलतमामा यातलं काहीच विचारत नाहीत. ते समोरच्याला चपलेपासून डोक्यापर्यंत बघतात, डोळे बारीक करतात आणि विचारतात, “कुणाचा?”

कुणाचा म्हणजे कुणाचा मुलगा नव्हे, कुठल्या पक्षाचा. मंगळवार पेठेतल्या या गल्लीत मी भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझं सामान अजून टेम्पोतच होतं आणि हा गृहस्थ गळ्यात पक्षाचा मफलर आणि हातात दुधाची किटली घेऊन टेम्पोला टेकून उभा होता.

“पावणं, कुणाचं म्हणायचं तुमी?”

“मी शाळेत शिक्षक आहे.”

“त्ये ऱ्हाऊ दे. शिक्षक दोन्हीकडं असत्यात. तुमी कुनीकडलं?”

मी घाबरून म्हटलं, “जे सरकार येईल त्याचा.”

“मजी आमचंच की!” मामा खूश झाले, कारण तेव्हा सरकार त्यांचं होतं. पुढे सरकार बदललं, तेव्हा बरेच दिवस मला दूध पातळ येत होतं.

पक्षांची नावं मी सांगणार नाही. हे लिहून होईपर्यंत ती बदललेली असायची. एक मामांचा पक्ष आणि एक समोरच्या हिंदुरावांचा, एवढं तुम्हाला पुरे. मामांच्या लेखी सगळं जग या दोहोंत वाटलेलं आहे. भाजीवाली आपली, कोपऱ्यावरचा टेलर त्यांचा. चौकातलं कुत्रं त्यांचं, कारण ते हिंदुरावांच्या पायरीवर झोपतं. एकदा सलूनमध्ये मामांची अर्धी दाढी झाल्यावर सलूनवाल्यानं बोलता बोलता कुणाचं तरी कौतुक केलं. मामांना कळलं, हा त्यांचा. मामा तसेच उठले, एका गालाला फेस घेऊन आपल्या सलूनकडे गेले, तर तो जोतिबाला गेलेला. दुसऱ्या दिवशी तो परत येईपर्यंत मामा एका बाजूनं साधू आणि एका बाजूनं नवरदेव होऊन गल्लीतून हिंडत होते.

नियमाला सूट फक्त मटणाला. विरोधी पक्षातल्या कुणाकडे जेवण असलं तरी मामा जाऊन बसतात. मी एकदा टोकलं, तर तिसरी वाटी पांढरा रस्सा ओरपत म्हणाले, “जेवाण त्यांचं आसंल मास्तर, पर खाटीक आपला हाय.”

हिंदुराव म्हणजे मामांचा लहानपणापासूनचा जोडीदार. एका शाळेत होते, एकाच तालमीत वाढले. एकमेकांना अजून दौल्या आणि हिंद्या म्हणतात, पण हाका मारतात त्या भांडायला. दोघांची घरं समोरासमोर, दोघांच्या गच्चीवर झेंडे. साहेब आणि दादा हे दोन पक्षांचे पुढारी; मामा साहेबांचे, हिंदुराव दादांचे. आणि मग तो प्रकार झाला. साहेब उठून दादांच्या पक्षात गेले, आणि त्याचा राग येऊन दादा साहेबांच्या पक्षात गेले. मामा साहेबांच्या मागे, हिंदुराव दादांच्या मागे. म्हणजे दोघांनीही निष्ठा तसूभर सोडली नाही आणि गच्चीवरचे झेंडे मात्र चुकीचे ठरले.

दोघांनी काय करावं? नवे झेंडे कशाला आणायचे म्हणून दोघांनी ते गल्लीच्या मधोमध येऊन बदलून घेतले. मी स्वतः बघितलंय. “ह्यो फाटका हाय,” मामा म्हणाले. “तूच दगड मारून फाडलायस की, गेल्या विलेक्शनला!” हिंदुराव म्हणाले. मग काठीवरून भांडण झालं. काठी पक्षाची की घराची, यावर बराच वेळ चर्चा होऊन काठ्या आपापल्या आणि कापड तेवढं बदली असं ठरलं. त्यानंतर मामा जे वर्षानुवर्षं हिंदुरावांना सुनावत होते, ते हिंदुराव मामांना सुनावू लागले, आणि हिंदुरावांची सगळी वाक्यं मामांनी घेतली. पहिल्या सभेत मामांनी सवयीनं जुनीच घोषणा दिली, ती सोडली तर कुठे काही अडलं नाही.

या सगळ्या वाटणीत एकच जीव असा होता, की ज्याला मामांना पक्ष लावता आला नाही. तो म्हणजे मामांची म्हैस, चंद्री. आणि तो लावू दिला नाही शालनमामींनी.

मामांनी गोठ्याचं दार पक्षाच्या रंगानं रंगवलं होतं. बादली रंगवली होती, स्कूटर रंगवली होती, पाण्याची टाकी रंगवली होती. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगुरमाळ, पुढे मालक फटफटीवर आणि मागून म्हैस चौखूर, असा तो थाट. एका पाडव्याला मामा पक्षाच्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन चंद्रीच्या शिंगाकडे निघाले, तर मामी खराटा घेऊन आडव्या आल्या.

“तिच्या शिंगाला हात लावायचा न्हाय. तुमाला काय रंगवायचं त्ये स्वोताला रंगवा.”

“अगं, म्हस आपलीच हाय न्हवं?”

“तुमच्या पक्षाची न्हाय. मी हिला पेंड घालतो, मी हिचं श्यान काढतो. तुमचा सायेब आलता का कधी श्यान काढाय?”

आमच्या भागात बायकाही बोलताना ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात. मामी रागावल्या की जास्तच म्हणायच्या. मामा डबा घेऊन परत फिरले. चंद्रीची शिंगं मामींनी नेहमीसारखी लाल गेरूनं रंगवली. मामी स्वतः मत कुणाला देतात, हेही मामांना कधी कळलं नाही. विचारलं की त्या म्हणायच्या, “चंद्रीला.”

चंद्रीची धार मामींनीच काढायची, सकाळी आणि संध्याकाळी. दुसऱ्या कुणाला ती आचळाला हात लावू देत नसे. धार काढताना मामी तिच्याशी बोलत राहायच्या आणि बोलायच्या ते बहुतेक नवऱ्याबद्दल. दूध आणायला गेलं की बाहेर ऐकू यायचं, “बाय माजी, ह्यांचं मनावर घिऊ नगंस. ह्यांना पक्षाचं याड हाय, मन वंगाळ न्हाय.” बाहेर पायरीवर बसलेले मामा ते ऐकत असायचे आणि आम्हाला सांगायचे, “म्हशीपुढं माजी अब्रू काढतीया.”

गेल्या वर्षी मामी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. हिंदुराव मयताच्या पुढे होते, पण तिथेही दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मला त्यांचा रागच आला. म्हटलं, माणूस गेलं तरी यांचे मफलर काही सुटत नाहीत.

आणि चंद्रीनं पान्हा चोरला.

मामा बसले की ती आचळ घट्ट धरायची. गोड बोलून झालं, पेंड वाढवून झाली, डॉक्टर आणून झाला. डॉक्टर म्हणाला, म्हैस चांगली आहे, तिला फक्त माणूस पाहिजे. मामांनी तो डॉक्टर कुणाचा हेही विचारलं नाही, तेव्हाच मला काळजी वाटली. पुण्याहून मुलाचा फोन यायचा, “बाबा, म्हस विका आणि इकडं या.” मलकापूरकडचा एक व्यापारी येऊन चंद्रीच्या पाठीवर थाप मारून गेला. दूध न देणारी म्हैस व्यापारी कशासाठी नेतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मामा त्या दिवशी पायरीवर बसून होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, “मास्तर, हिनं हिला पोटच्या पोरीगत वाढवली. आता मी काय म्हणून दावं सोडू?” मफलर खाली पडला होता, तो त्यांनी उचललाही नाही.

आठवडाभरात एका सकाळी चंद्री दूध द्यायला लागली.

कसं, ते कुणाला कळेना. विचारलं तर मामा म्हणायचे, “समजूत घातली.” मात्र धारेच्या वेळी गोठ्याचं दार आतून बंद, आणि कुणी तिकडे फिरकायचं नाही असा नवा नियम झाला. त्याच सुमाराला हिंदुरावांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. रोज पहाटे आणि संध्याकाळी, बरोबर धारेच्या वेळी, ते गल्लीच्या तोंडाशी येऊन मामांच्या पक्षाला शिव्या घालू लागले. कुणी किटली घेऊन निघालं की त्याला हाताला धरून उभं करायचे. “थांब मर्दा, जातूयास कुटं? त्या दौल्याच्या पक्षानं काय केलंय ठावं हाय का तुला?” मग रस्ते, पाणी, गटारं, सगळं ऐकून घ्यावं लागायचं. तोवर मामा दुधाची बादली घेऊन बाहेर येत आणि तिथून उलट शिव्या घालत. मामी जाऊन वर्ष झालं नाही, आणि या माणसाला एवढी खुमखुमी! मी हिंदुरावांकडे बघायचंही सोडलं.

यंदा महापालिकेची निवडणूक लागली. मामा कायमचे बूथप्रमुख. एका संध्याकाळी त्यांचा उमेदवार चार गाड्या घेऊन गल्लीत आला. पांढरे बूट, हातात दोन फोन. मामांनी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला.

“मामा, एक रील काढायचा हाय,” उमेदवार म्हणाला. “पहाटे, गोठ्यात. तुमी धार काढतासा, मी बादली धरतो. जमिनीवरचा माणूस, असं टाकायचं वर. आणि म्हशीची शिंगं आपल्या रंगात पायजेत बघा.”

“न्हाय,” मामा म्हणाले.

मामांनी पक्षाला नाही म्हटलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

“मजी? म्हस आपलीच की मामा.”

“मी आपला हाय. घर आपलं हाय, स्कूटर आपली हाय, कुटं बी न्या. म्हस आपली न्हाय.”

“मग कुणाची?”

मामांनी उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या मामींच्या फोटोकडे बोट केलं. “तिची. तिच्यात पक्ष न्हाय. गोठ्यात कॅमेरा येनार न्हाय.”

उमेदवार हसला, चहा अर्धा टाकून उठला, आणि दोन दिवसांत बूथ दुसऱ्याला दिला. नवा बूथप्रमुख म्हणजे जाकीट घालून हिंडणारा एक कंत्राटदार. मामा फुटले, अशी पेठभर चर्चा झाली. एवढी वर्षं ज्यासाठी लोकांशी वैर धरलं, ते एका रीलवरून घालवलं म्हणून मीही मनात म्हणालो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. हिंदुराव तर चौकात उभं राहून ओरडले, “ह्याला आमच्यात घेतला तर मी पक्ष सोडीन!” मामा मफलर घालून पायरीवर बसून राहिले. आता त्यांना कुणी कुठे बोलवत नव्हतं.

त्यानंतर एका पहाटे माझ्या सासूबाई पहिल्या गाडीनं आल्या. घरात दुधाचा थेंब नाही आणि बायको न्हाणीत. मी पातेलं घेऊन निघालो. गल्लीच्या तोंडाशी हिंदुराव नव्हते, म्हणून सुटलो असं वाटलं आणि सरळ गोठ्यापाशी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं.

आत दौलतमामा लुगडं नेसून उभे होते. मामींचं अंजिरी नऊवारी. डोक्यावर पदर, पदराखाली पांढऱ्या मिशा. आणि त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसून, गळ्यात विरोधी पक्षाचा मफलर घातलेले हिंदुराव निऱ्या घालत होते.

“नीट हुबा ऱ्हा की दौल्या. निऱ्या सुटत्यात.”

“तुजा दादा काय नीट हुबा ऱ्हातोय कुटं? दर सा म्हयन्याला सुटतोय.”

“तोंड मिट. पदर पडतोय.”

एवढ्यात दोघांनी मला बघितलं. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्या वेळी हसू आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. हिंदुराव उठले, माझी मानगूट धरून मला बाहेर काढलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत तसंच नेलं.

“बगितलंस?”

“नाही.”

“शाना हायस.” त्यांनी मानगूट सोडली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मालकिनीचं लुगडं दिसल्याबिगार म्हस पान्हा सोडत न्हाय मर्दा. पयल्या दिशी ह्या येड्यानं त्ये लुंगीगत गुंडाळलं. म्हशीनं अशी लाथ घातली, बादली माज्या दारात! जाऊन बगतोय तर ह्यो लुगड्यात बसून रडाय लागलाय. मी तालमीच्या मेळ्यात रानीचं काम करत हुतो. निऱ्या मला येत्यात.”

“आणि रोजचं हे भांडण?”

“मग लोकास्नी थांबवायचं कसं? ‘आत दौलत लुगडं नेसतोय, वाईच थांबा’ म्हनू?” त्यांनी मफलर सारखा केला. “मला बी कोन कोन इचारतंय, दौलतच्या गोठ्यात काय चाललंय, फोटू काढून आन, विलेक्शनला कामाला यील. म्हटलं, पक्ष उद्या बी बदलंल. म्हस गेली तर ह्यो जगत न्हाय.”

एवढं बोलून ते लगेच मोठ्यानं ओरडले, कारण समोरून कुणीतरी किटली घेऊन येत होतं. “ह्या दौल्याच्या पक्षानं गटारं तुंबवली!”

घरी आलो. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण बायकोला सांगितलं. ती केस पुसत होती, पुसतच राहिली. “आत्ता कळलं व्हय तुमाला?”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“समद्या बायकास्नी ठावं हाय. मामींचं लुगडं हिंदुरावभावजींच्या गच्चीवर वाळत असतंय की. धुवत न्हाईत, नुसतं ऊन दावत्यात. साबन लावला तर मामींचा वास जाईल. तुमाला कशाला रोज म्हनतो मी, आत्ता जाऊ नगा, अजून दूध झालं नसंल?”

इतके दिवस मी तिला आळशी समजत होतो. आमच्या गल्लीत दोनच पक्ष आहेत, ही माझी समजूतही त्या दिवशी गेली.

मतदानाच्या आधी हिंदुरावांची मुलगी गारगोटीला बाळंत झाली आणि त्यांना जावं लागलं. जाताना ते आमच्या दारात आले. बायकोला म्हणाले, “वैनी, निऱ्या वाईच घट्ट घाला, त्यो लई हालतोय.” मला म्हणाले, “मास्तर, तोंडाशी हुबा ऱ्हायचं. शिव्या येत्यात का?”

“सवय नाही.”

“मग दोनीकडच्या घाल. शिक्षक हायस, खपून जाईल.”

पहाटे बायको आत गेली, निऱ्या घालून पदर नीट करून बाहेर आली आणि घराकडे गेली. तिचे डोळे ओले होते. मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो. आत चंद्रीनं एकदा फुस्कारा टाकला. मग मामांचा आवाज आला. आवाज त्यांचाच, जाड, पण बोलणं त्यांचं नव्हतं.

“बाय माजी, सोड गं. ह्यांचं मनावर घिऊ नगंस. ह्यांना पक्षाचं याड हाय, मन वंगाळ न्हाय.” मग अगदी हळू, “मी हाय न्हवं? मी कुटं जातो व्हय तुमाला सोडून?”

‘तुला’ नव्हे, ‘तुमाला’. म्हशीला कुणी अहो-जाहो करत नाही.

बादलीत धार वाजायला लागली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जाकीट दिसलं. नवा बूथप्रमुख, हातात फोन समोर धरून, सरळ गोठ्याकडे येत होता. “मास्तर, सरका जरा. मामा आत हायत न्हवं? पटकन एक शूट घेतो.”

मी आयुष्यात कुणाच्या वाटेत उभा राहिलो नव्हतो. त्या दिवशी दोन्ही हात पसरून दाराच्या मधोमध उभा राहिलो, आणि पेठेला जाग येईल एवढ्या मोठ्यानं ओरडलो, “थांब! आधी सांग, तू कुणाचा?”